शेषम्मांचा मरणोत्तर अभिप्राय

१

मेलेल्या सभासदाने कादंबरीवर अभिप्राय देऊ नये, असा नियम आमच्या वाचक मंडळाच्या घटनेत नाही. घटना लिहिणाऱ्यांची नजर इतक्या लांब पोचली नव्हती. त्यामुळे शेषम्मामामींची चिठ्ठी पुस्तकातून खाली पडली, तेव्हा ती बाद ठरवायला आमच्याकडे आधारच नव्हता.

मामी आडी महिन्यात, म्हणजे जुलैच्या अखेरीस गेल्या. पुस्तक पुण्याहून आलं सप्टेंबरात. चिठ्ठीवर होतं:

"खून धाकट्या जावेनें केला. घरांत सगळे रडतात, ती एकटी स्वयंपाक करते; लेखकाला वाटतें आपण लपविलें. इन्स्पेक्टर सिगारेट फार ओढतो आणि विचार थोडा करतो. आमच्या घरच्यांनीं डॉक्टरला धरिलें आहे. त्यांस सांगून उपयोग नाही."

अक्षर मामींचं. जीभही मामींचीच. आणि दोरा कापला तेव्हा खून खरंच धाकट्या जावेने केलेला निघाला.

दोऱ्याचं आधी सांगतो. तंजावूरच्या राजवाड्यामागे झेरॉक्सच्या दुकानावर एक खोली आहे, तिथे आमचं मंडळ आहे. कपाटं चार, सभासद अकरा. त्यातल्या निम्म्यांहून अधिकांना देवनागरी वाचता येत नाही, पण वाचक मंडळाच्या सभासदत्वाला आम्ही ती अडचण मानत नाही. घरात कोणीतरी वाचतं, बाकीचे ऐकतात. पुस्तक घरोघर फिरतं आणि प्रत्येकाने अभिप्रायाची चिठ्ठी द्यायची असते. मराठी असली म्हणजे झालं, लिपी तमिळ चालते.

रहस्यकथा असेल तर मंडळाचे चिटणीस वैद्यनाथ तिचं शेवटचं प्रकरण सुई-दोऱ्याने शिवून टाकतात. वाचणाऱ्याने दोऱ्यापाशी थांबायचं, चिठ्ठीवर गुन्हेगाराचं नाव लिहायचं आणि पुस्तक परत करायचं. सगळ्यांच्या चिठ्ठ्या आल्या की शनिवारी संध्याकाळी सर्वांसमोर दोरा कापतात. ऐतिहासिक कादंबरीला दोरा नसतो. शेवटी कोण मरतो हे शाळेतच सांगून झालेलं असतं.

तर पुस्तक अनिरुद्धमामांच्या घरून परत आलं होतं. मामा म्हणजे मामींचे यजमान, वय अठ्ठ्याहत्तर, वीज मंडळातून निवृत्त. त्यांना देवनागरी येत नाही हे सगळ्या गल्लीला ठाऊक. मामी वाचायच्या, मामा ऐकायचे, आणि तमिळ अक्षरांत आपलं वेगळं मत लिहून द्यायचे. याही वेळी पुस्तकात त्यांची तमिळ अक्षरांतली चिठ्ठी होतीच. तिच्यात खुनी म्हणून डॉक्टरचं नाव होतं.

वैद्यनाथांनी चष्मा पुसला आणि जे विचारायला नको होतं ते विचारलं. मामी नाहीत, तर मामांना हे पुस्तक वाचून दाखवलं कोणी?

२

मामांना विचारायला मला पाठवलं. मी कॉलेजात अर्थशास्त्र शिकवतो, म्हणजे न पटणाऱ्या गोष्टी गंभीर चेहऱ्याने ऐकण्याची मला सवय आहे, असा मंडळाचा समज आहे.

मामा बाहेरच्या कट्ट्यावर बसले होते. पाय सुजलेले, ओठांवर निळसर झाक. मी चिठ्ठी दाखवली. त्यांनी ती उलटी-सुलटी केली आणि अक्षर न कळणारा माणूस जशी परत देईल तशी परत दिली.

"कोणी वाचलें म्हणजे? तीच वाचते," ते म्हणाले. "मी ऐकतों. नेहमीं काय नवें करूं?"

एवढं बोलून त्यांनी मला कॉफी घेणार का विचारलं. हेही नेहमीसारखंच.

आमची मराठी ऐकून पुण्याचे पाहुणे मोबाइल काढून रेकॉर्डिंग करतात. त्यांना ती बखर वाटते. आम्ही त्याच बखरीत गॅस सिलिंडरची तक्रार करतो. मामांचं ते वाक्यही तसंच साधं होतं. त्यात पिशाच्च कुठेच नव्हतं, आणि म्हणूनच माझ्या अंगावर काटा आला.

आत अखिला होती. मामांची मुलगी, कोइमतूरला बँकेत. रजा टाकून येऊन बसली होती. तिने मला मागच्या अंगणात नेऊन कागद दाखवले. मामांच्या हृदयाची झडप निकामी होत होती. चेन्नईला शस्त्रक्रियेची तारीख मिळाली होती, नोव्हेंबरची वीस. त्यानंतर उशीर झाला तर आम्हांला विचारू नका, असं डॉक्टरांनी लिहायचं सोडून सगळं सांगितलं होतं. आणि मामा जायला तयार नव्हते.

"म्हणतात, तुझी अम्मा वाचायची थांबली की जाऊं. श्रीकरअण्णा, मी कोणाशीं भांडूं?"

मग आवाज खाली आणून तिने उरलेलं सांगितलं. रोज दुपारी तीन वाजता मामा दोन कॉफ्या घेऊन मधल्या खोलीत जातात आणि दार लावतात. आतून पुटपुटणं ऐकू येतं, तासभर. आवाज अप्पांचाच आहे, पण अप्पा असं कधी बोलत नाहीत. चढउतार आहेत, मध्येच बाईचा स्वर निघतो, मध्येच हसू. अखिलाला बोललेली मराठी कळते, पण दाराआडून शब्द लागत नव्हते. चारला दार उघडतं. कॉफीचा एक डबरा रिकामा असतो, एक भरलेला.

दार ढकलून का बघितलं नाही, असं मी विचारलं.

"आणि अम्मा दिसली नाही, तर?" अखिला म्हणाली.

दिसली तर काय, याची तयारी मी करून आलो होतो. दिसली नाही तर काय, याची केली नव्हती.

निघताना तिने माझ्या हातात दुसरं पुस्तक ठेवलं, कारण तेही परत करायचं होतं. साडेपाचशे पानांची ऐतिहासिक कादंबरी. मी ते तिच्यासमोरच उघडलं. आत मामींची चिठ्ठी होती.

३

"या लेखकाचा राजा एकदांही जेवत नाही. साडेपांचशे पानें उपाशी राहिलेला मनुष्य इतका शहाणा बोलत नसतो. घोडीं मात्र पोटभर खातात. ज्या पात्राचें पुढें काय करावें हें लेखकाला कळत नाही, त्यास तो तंजावरास पाठवितो, आणि मग त्याचें नांवही काढीत नाही. आम्ही इकडे तीनशें वर्षें जेवून राहिलों आहों, हें पुण्यास कोणी कळवावें. आमच्या घरच्यांस लढाया आवडल्या."

हे मी जयलक्ष्मी टीचरना वाचून दाखवलं. दाखवावं लागलं, कारण टीचरना देवनागरी येत नाही. त्या घरी मराठी बोलतात, पण एकतीस वर्षं शाळेत तमिळ शिकवलं आणि बोर्डाचे पेपर तपासले. कुठल्या दोन उत्तरपत्रिका एकमेकींना चिकटून बसल्या होत्या हे त्या कागद हातात घेऊन सांगत. ज्या गुप्तहेराला पुरावा वाचता येत नाही, त्याला गाठणं हा माझा विनोद नव्हता. गल्लीत दुसरा मिळाला नाही.

टीचर हसल्या नाहीत. चिठ्ठी त्यांनी खिडकीपाशी तिरपी धरून पाहिली, मग मामींच्या जुन्या पाचसहा चिठ्ठ्या मागवून त्याही पाहिल्या. तुम्ही वाचू शकणारे लोक अक्षरं बघता, त्या म्हणाल्या, मला फक्त रेघा दिसतात. मामी आधी ओळभर आडवी रेघ मारत आणि मग तिला अक्षरं टांगत, दोरीवर कपडे वाळत घालावे तशी. शाई एकावर एक आली होती, त्यावरून कळत होतं. नव्या चिठ्ठ्यांतही तसंच होतं. नक्कल करणारा आकार उचलतो, क्रम उचलत नाही, कारण क्रम कागदावर सहसा दिसतच नाही.

"म्हणजे मामींनींच लिहिलें?" मी विचारलं.

"म्हणजे हात त्याच शाळेंत शिकला," टीचर म्हणाल्या, आणि त्यांनी चप्पल घातली.

पहिले वैद्यनाथ. शेवटचं प्रकरण शिवतात तेच, म्हणजे खुनी त्यांना आधी कळू शकतो. शिवाय मामींच्या चिठ्ठ्या ऐकायलाच निम्मे लोक शनिवारी येत. मामी गेल्यावर सभेला चार माणसं उरली होती आणि चिठ्ठ्या सुरू झाल्यापासून नऊ झाली. टीचरनी हे सगळं त्यांच्यापुढे मांडलं, तेव्हा वैद्यनाथ एवढे दुखावले की त्यांनी आम्हांला बसायलाही सांगितलं नाही. शिवताना आपण डोळे मिटतो, असं ते म्हणाले. त्यांच्या बायकोने आतून दुजोरा दिला. बोटाला सुई टोचल्यावर पट्टी तीच लावते.

दुसरा विश्वेश. राजवाड्यात गाइड आहे. महाराष्ट्रातल्या प्रवाशांसाठी देवनागरी शिकला, आणि पुस्तकंही तेच प्रवासी त्याच्या हाती आणून देतात. म्हणजे पुस्तक दोऱ्याआधी त्याच्या हाती. त्याने महिन्याभरात मामींना आपल्या फेरीत घेतलं होतं. राजवाडा, ग्रंथालय, आणि परत येताना, ती बघा, त्या घरात मेलेली बाई कादंबऱ्या वाचते. टीचरनी विचारलं तेव्हा त्याने कानाला हात लावला. भूत मी दाखवतो, पण बनवत नाही, तो म्हणाला, राजवाड्यात तयार माल भरपूर आहे.

मामांच्या घरी दुपारी कोणी येत-जात नाही, हे अखिलाने शपथेवर सांगितलं. पण रात्री मुक्कामाला अखिला शेजारी मावशीकडे जात असे, तेव्हा कोणी येत नाही असं कोण म्हणणार?

तिसरा संशयित मी, असं टीचरनी शांतपणे सांगितलं. मलाही देवनागरी येते, आणि मला विनोद करायची खोड आहे.

त्या आठवड्यात मामा कट्ट्यावरून उठताना पडले. वीस तारखेला चौदा दिवस उरले होते.

४

टीचरनी सापळा लावला. त्याला एक पुस्तक हवं होतं, जे कोणीही वाचलेलं नसेल. मराठी प्रकाशनात अशी पुस्तकं दुर्मीळ नाहीत, पण खात्री हवी होती.

खात्री नाशिकहून चालत आली. एक निवृत्त अभियंता सहकुटुंब देवळं पाहत फिरत होता. त्याने स्वतःच्या खर्चाने स्वतःची रहस्यकथा छापली होती आणि पाचशेपैकी चारशे सत्तर प्रती अजून त्याच्या पलंगाखाली होत्या. उरलेल्या तीस ज्यांना दिल्या त्यांतल्या कोणीही ती उघडल्याचा पुरावा नव्हता. बायकोनेही नाही, हे त्याने आपण होऊन सांगितलं. त्यावर बाईने मान डोलावली.

टीचरनी लॉजच्या पायरीवरच ती प्रत घेतली. लेखकाला शेवटचं प्रकरण दाखवायला सांगितलं आणि डोळे न मिटता, कारण त्यांना मिटायची गरजच नव्हती, ते लाल दोऱ्याने शिवलं. गाठ आपली आपल्याला ओळखू येईल अशी मारली. पुस्तक विश्वेशला दिलं नाही, वैद्यनाथांना दिलं नाही, मला फक्त उचलू दिलं. आम्ही दोघं तडक मामांकडे गेलो. मामांनी जाडी बघितली, चार दिवसांत होईल म्हणाले.

पाचव्या दिवशी पुस्तक आलं. टीचरनी आधी गाठ पाहिली. त्यांचीच, तशीच. आत दोन चिठ्ठ्या. मामांच्या चिठ्ठीत चोर म्हणून पुतण्या होता. दुसरी मी वाचली:

"मूर्ति पुजाऱ्यानें चोरली. लेखक यंत्रें जाणतो, माणसें जाणत नाही. कुलूप कसें उघडलें यावर नऊ पानें, आणि पुजारी त्या दिवशीं नैवेद्य विसरला यावर एक ओळ. ती ओळ त्याच्या हातून चुकून बरी लिहिली गेली. आमच्या घरच्यांस पुतण्यावर संशय आहे. त्यांस सांगून उपयोग नाही."

लेखक अजून कुंभकोणमला होता. टीचरनी मला फोन लावायला लावला. मूर्ती कोणी चोरली, असं मी विचारलं. पलीकडून भरून आलेला आवाज आला. त्याला कादंबरीबद्दल आलेला तो पहिला फोन होता.

पुजारी, तो म्हणाला.

वैद्यनाथ सुटले, विश्वेश सुटला. तंजावुरात कोणालाही माहीत नसलेलं उत्तर मामींनी दिलं होतं. बाहेर पाऊस पडत होता, ऐप्पसी महिन्याचा, भिंतींतून आत येणारा. खोलीत आम्ही दोघंच होतो, आणि मला वारंवार वाटत होतं की आपण तिघं आहोत.

"जुन्या चिठ्ठ्यांचे डबे काढ," टीचर म्हणाल्या. "सगळे."

५

सव्वीस वर्षांच्या चिठ्ठ्या बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यांत होत्या. रहस्यकथा साठ. मी देवनागरी वाचायचो, टीचर तमिळ अक्षरांतल्या स्वतः वाचायच्या आणि पाटीवर खूण करायच्या. दोन दिवस लागले.

मामी साठांत सत्तावन्न वेळा बरोबर. माझे चौदा. विश्वेशचे तेरा. टीचर म्हणाल्या, एका पुस्तकात पाच संशयित धर. डोळे मिटून बोट ठेवलं तरी साठांत बारा बरोबर येतील. म्हणजे तुम्ही दोघं डोळे मिटूनच वाचता.

मग त्यांनी मामांचा रकाना माझ्यासमोर धरला. तो कोरा होता. साठांत शून्य.

मी म्हटलं, मामांचं असंच. सगळी गल्ली त्यावर हसते. दोरा कापला की आधी मामांची चिठ्ठी वाचतात, लोक हसतात, मग मामींची वाचतात आणि गप्प होतात.

टीचरनी पाटी खाली ठेवली. मग त्यांनी एक गोष्ट सांगितली. एका वर्षी त्यांच्याकडे एका मुलीचा पेपर आला, पर्याय निवडायचे पन्नास प्रश्न. पन्नासही चूक. जिला काही येत नाही तिचेसुद्धा दहाबारा बरोबर येतात, देवाच्या दयेने. सगळे चुकवायला सगळे यावे लागतात. चौकशी केली तर मुलगी वर्गात पहिली येणारी. धाकटी बहीण मागच्या वर्गात होती, तिला सोडून पुढे जायचं नव्हतं.

"साठ वेळां चुकायला," टीचर म्हणाल्या, "साठ वेळां बरोबर उत्तर ठाऊक असावें लागतें, श्रीकर. पुजारी कोणाला कळला असेल, आतां सांग."

मी म्हटलं, पण मामांना देवनागरी येत नाही.

त्यावर त्यांनी अखिलाला फोन लावला आणि एकच प्रश्न विचारला. मामी ओरत्तनाडू गावच्या, शाळा तमिळ माध्यमाची, माहेरी मराठी पुस्तक नाही. मग त्यांना देवनागरी लिहायला शिकवलं कोणी? अखिलाने थोडा विचार केला. अम्मा लग्नानंतर शिकली, ती म्हणाली, घरांतच. आणि मग तिच्या बोलण्याचा धागाच तुटला, कारण त्या घरात लग्नानंतर दोनच माणसं होती.

सव्वीस वर्षं आम्ही त्यांना देवनागरी येत नाही असं धरून चाललो होतो. त्यांनी तसं म्हटल्याचं मात्र कोणालाच आठवेना. तमिळ अक्षरांत लिहितो तो देवनागरी न येणारा, हे आमच्याकडे इतकं गृहीत आहे की कोणी विचारत नाही.

टीचरनी डब्यांची झाकणं लावली. वीस तारखेला चार दिवस होते. खरी अडचण आता सुरू होते, त्या म्हणाल्या. आतापर्यंत मामा भुताला सोडून जात नव्हते. भूत नाही हे सिद्ध केलं, तर त्यांना परत यायला कारण काय उरतं?

६

तीन वाजून दहा मिनिटांनी आम्ही मधल्या खोलीचं दार वाजवलं. टीचर वाजवल्याशिवाय आत शिरायला तयार नव्हत्या. दार उघडून कॉपी पकडणं हे पर्यवेक्षकाचं काम, त्या म्हणाल्या, मी पेपर तपासणारी.

आतला आवाज थांबला. मग मामा म्हणाले, या.

दोन खुर्च्या समोरासमोर. एकीवर मामा, मांडीवर मंडळाची दुसरी एक जाड ऐतिहासिक कादंबरी, उघडी. दुसरीच्या हातावर कॉफीचा डबरा, वाफ निघत असलेला. खोलीत मंद अंधार होता आणि रिकाम्या खुर्चीकडे पंखा वळवलेला होता. अखिला दारातच उभी राहिली. तिची नजर आधी त्या खुर्चीवर गेली, मग पुस्तकावर, मग बापावर, आणि तिने तोंडावर पदर धरला.

टीचरनी काही सिद्ध केलं नाही. त्या खाली जमिनीवर बसल्या आणि साठांत शून्य, एवढंच म्हणाल्या. मामांनी पानावर बोट ठेवून पुस्तक मिटलं. मला वाटतं, सव्वीस वर्षांत कोणीतरी मोजेल याची ते वाट पाहत होते.

"दोघेही बरोबर निघालों, तर बोलायचें काय?" मामा म्हणाले. "मी चुकलों की ती समजावून सांगायची. भात निवेपर्यंत सांगायची. अशी बुद्धि आमच्या कुळांत कोणाची नव्हती. मी मध्यें कशाला येऊं?"

नव्या चिठ्ठ्यांचं मी विचारलं.

"लिहितों मी. सांगते ती," मामा म्हणाले. "आधीं तिला हात होते. आतां नाहीत."

अखिलाला रडू आवरलं नाही. तिने त्यांच्या पायाशी बसून वीस तारखेचं परत सांगितलं, या वेळी भांडण न करता. मामा तिच्या केसांवरून हात फिरवत राहिले. मला कळतें ग, ते म्हणाले. ती नाही हेंही कळतें. मी काय खुळा आहें? पण हें पुस्तक दोनशें चाळीस पानांवर आहे. मी तेथें टेबलावरच राहिलों, तर?

मी, शहाणपणा करून, म्हटलं की ही तर ऐतिहासिक कादंबरी आहे, शेवट मामींना ठाऊकच असणार.

"शेवट तिला ठाऊक आहे," मामा म्हणाले. "मधलें कोण सांगेल?"

पंखा तेवढा फिरत होता. मग टीचरनी, परीक्षेच्या हॉलमध्ये एखाद्याला जागा बदलायला सांगावी तशा स्वरात, माझ्याकडे बोट केलं आणि म्हणाल्या, हा सांगेल. रोज तीनला. मी समोर बसेन, याने पानं गाळली तर मला कळेल.

मामांनी मला तिथेच एक पान वाचायला लावलं. ऐकून ते खिन्न झाले. बातम्या सांगतो आहेस, म्हणाले. पण अखिलाकडे पाहिलं, आणि पुस्तक माझ्या हातात दिलं, खूण घालून.

मंडळात आम्ही काही सांगितलं नाही. विश्वेशची फेरी चालू आहे. वैद्यनाथांनी मरणोत्तर अभिप्रायाबद्दल एक उपनियम केला आहे: सभासदाची वर्गणी भरलेली असल्यास ग्राह्य.

अठरा तारखेला मामा आणि अखिला चेन्नईला गेले. त्या दुपारी तीनला मी मामांच्या खुर्चीवर बसलो. टीचरनी समोरच्या खुर्चीपाशी कॉफी ठेवली आणि स्वतः जमिनीवर बसल्या. अर्थशास्त्राचा माणूस रिकाम्या खुर्चीला लढाया वाचून दाखवतो, हे दृश्य दुसऱ्या कोणाचं असतं, तर मी त्यावर विनोद केला असता. पहिल्या दिवशी मी तासात चाळीस पानं उरकली. दुसऱ्या दिवशी पंचवीस. वीस तारखेला, शस्त्रक्रिया चालू असताना, बारा. त्या दिवशी या कादंबरीतला राजा पहिल्यांदाच जेवायला बसला होता. मी तिथे थांबलो, कारण थांबावंसं वाटलं. टीचरनी का थांबलास विचारलं नाही. त्याही रिकाम्या खुर्चीकडेच बघत होत्या.

एकवीसला त्या दिवसाचं वाचन निम्म्यावर आलं असताना अखिलाचा फोन आला. नळी काढली होती. अप्पा शुद्धीवर होते, माणसं ओळखत होते, पाणी मागून झालं होतं. तिने फोन त्यांच्या तोंडाशी धरला. आधी नुसता श्वास ऐकू आला, मग आवाज, फार लांबून आल्यासारखा. कितव्या पानावर, असं त्यांनी विचारलं. तीनशें तेवीस, मी म्हटलं.

"हळू वाच," मामा म्हणाले. "तिला घाई चालत नाही."

बरं म्हणून मी फोन ठेवला आणि पान उलटलं. मी परवापासूनच हळू वाचत होतो. मला ते कोणी सांगितलं, हे मात्र मी त्यांना सांगू शकलो नाही.